घोड्याच्या केसांचा ब्रश की डुकराच्या?

भीमेच्या या काठाला शिरूर तालुका, त्या काठाला दौंड, आणि शिरूरच्या बाजूला वडगाव रासाई. या पट्ट्यात घोड्याचे केस कसे असतात हे कुणाला सांगायला नको. भीमथडी तट्टू इथलेच. मराठ्यांच्या घोडदळाने ज्याच्या पाठीवर मुलूख तुडवला ते हे बुटके, काटक जनावर आज मुख्यतः धनगरांच्या वाड्यांबरोबर बिऱ्हाड वाहताना दिसते. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदही केली आहे. पण घोड्याच्या केसांचा दाढीचा ब्रश असतो असे सांगितले की इथलीच माणसे चकित होतात. डुकराच्या केसांचा असतो म्हटले तर काही जण नाक मुरडतात.

तसे होणे साहजिक आहे. शिरूर, दौंड किंवा केडगाव-चौफुल्याच्या दुकानांत जो ब्रश टांगलेला असतो तो बहुतेक वेळा नायलॉनचा. खऱ्या केसांचा ब्रश आता मोबाइलवरून मागवता येतो, म्हणून मुले तो घरी आणू लागली आहेत. मग आठवडाभरात तक्रार सुरू होते: फेसच होत नाही, टोचतो, वास येतो, केस गळतात. या तक्रारींतल्या बऱ्याचशा ब्रशाच्या नसतात. डुकराचा केस पाणी पितो आणि घोड्याचा केस पाणी नुसते अंगावर धरतो. एवढा एक फरक ध्यानात न घेता दोघांना सारखेच वागवले की गाडी अडते. म्हणून पायरीपायरीने पाहू.

आधी ब्रश करतो काय ते समजून घेऊ. दाढीचा खुंट, म्हणजे त्वचेबाहेर आलेले केसाचे टोक, कोरडा असताना कडक असतो. दोनतीन मिनिटे पाण्यात मुरला की तो मऊ होतो आणि पाते त्याला सहज कापते. ब्रश हे पाणी चेहऱ्यावर टिकवून धरतो, साबणात हवा मिसळून फेस करतो आणि आडवे पडलेले खुंट उभे करतो. बोटांनी क्रीम चोपडून यातले शेवटचे काम होत नाही. घाईत केलेल्या दाढीनंतर गळ्यावर पुरळ उठते, त्यामागे पुष्कळदा न मुरलेले खुंट असतात.

ब्रशाचे भाग दोनच: मूठ आणि झुबका. झुबका म्हणजे बुडाशी घट्ट बांधून, डिंकासारख्या पक्क्या रसायनाने मुठीत बसवलेली केसांची जुडी. बुडाशी तिची जाडी साधारण २० ते २६ मिलिमीटर असते आणि मुठीबाहेर केस ५० ते ६० मिलिमीटर येतात. केस लांब तर ब्रश लवचीक, आखूड तर ताठ. खरेदी करताना केसाच्या जातीइतकेच या लांबीकडे लक्ष द्यावे. लोक मूठ बघून ब्रश घेतात आणि तिथेच फसतात.

आता केस. डुकराचा राठ केस त्याच्या मानेवरून आणि पाठीच्या कण्यावरून येतो. तो बुडाशी जाड आणि टोकाकडे निमुळता असतो. एक केस उजेडाकडे धरून टोक नीट पाहावे. ते एकच टोक नसते, बारीक फाटे फुटलेले दिसतात. नवीन ब्रशात हे फाटे थोडे असतात आणि वापरता वापरता वाढत जातात. म्हणूनच डुकराच्या केसांचा ब्रश पहिल्या दिवशी टोचतो आणि महिन्याभराने तोच गालाला मऊ लागतो. बूड मात्र ताठच राहते. टोकांतच सगळी करामत असल्यामुळे कारागीर ती कातरत नाहीत. केस टोके खाली करून साच्यात घालतात, घुमटासारखा आकार आणतात आणि बुडाकडून कापतात.

घोड्याचा केस आयाळीचा किंवा शेपटीचा. शेपटीचा जाड आणि ताठ, आयाळीचा बारीक आणि मऊ. चांगल्या ब्रशात दोन्ही मिसळलेले असतात. नुसत्या शेपटीचा ब्रश गालाला बोचरा लागतो, नुसत्या आयाळीचा पाण्याने लोळागोळा होतो. हा केस लांब असतो, त्याचे तुकडे करून वापरतात. त्यामुळे प्रत्येक तुकडा बुडापासून टोकापर्यंत जवळपास सारख्याच जाडीचा राहतो आणि टोकाला फाटे नसतात. पहिल्या दिवशी तो जसा लागतो, साधारण तसाच पुढेही लागतो. थोडा नरमतो, पण डुकराच्या केसासारखा पालटत नाही. ज्यांना वाट पाहायची नाही त्यांच्यासाठी हा मोठाच गुण आहे.

एक गोष्ट मला घोड्याच्या बाजूने महत्त्वाची वाटते. आयाळ आणि शेपूट जिवंत जनावराची कातरता येते, पुन्हा वाढते. डुकराचे केस बहुतांशी कत्तलीनंतर निघतात. शाकाहार कटाक्षाने पाळणाऱ्यांना हा फरक मोलाचा वाटेल. मुसलमान घरांत डुकराच्या केसांचा ब्रश वर्ज्यच असतो, म्हणून कुणाला भेट द्यायचा असेल तर आधी विचारावे. प्राण्याचा केसच नको असेल तर नायलॉन आणि त्याच्याच जातीचे नवे मऊ कृत्रिम धागे आहेत. त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही.

हातात आलेला ब्रश खऱ्या केसांचा आहे का, हे ओळखायचे कसे? गळालेला एक केस चिमट्यात धरून काडीपेटीच्या जाळावर न्यावा. खरा केस चुरचुरतो, केस जळाल्याचा ओळखीचा वास येतो आणि बोटांत चुरली जाणारी राख उरते. नायलॉन वितळून टोकाला कडक मणी तयार होतो. हे घराबाहेर करावे आणि गरम मण्याला बोट लावू नये. रंगावर तर अजिबात विसंबू नये. डुकराचे पांढरे केस मध्ये काळा पट्टा रंगवून बिज्जूच्या केसांसारखे दिसतील असे करतात, आणि नायलॉनलाही तसाच पट्टा देतात. बिज्जू हा परदेशी महागड्या ब्रशांचा प्राणी. त्याच्या नकला पुष्कळ.

या नकलेची एकदा फार मोठी किंमत मोजावी लागली होती. पहिल्या महायुद्धाआधी बिज्जूचे केस रशियातून येत आणि जर्मनीत साफसूफ होऊन पुढे जात. युद्धाने ती वाट बंद झाली. मग पूर्वेकडून आलेले घोड्याचे केस बिज्जूसारखे रंगवून ब्रशांत भरले गेले, आणि त्यांतले सगळे नीट निर्जंतुक केलेले नव्हते. त्या केसांतून ॲंथ्रॅक्सचे बीजाणू, म्हणजे जंतूंची वर्षानुवर्षे तग धरणारी सुप्त रूपे, ब्रिटिश आणि अमेरिकी सैनिकांच्या चेहऱ्यापर्यंत पोहोचली. दाढी करताना लागलेल्या बारीक जखमांतून ती शरीरात शिरली आणि माणसे दगावली. ब्रिटनने १९१९ मध्ये ॲंथ्रॅक्स रोखण्यासाठी कायदा केला आणि १९२० मध्ये जपानी दाढीच्या ब्रशांची आयातच बंद केली. घोड्याच्या केसांच्या ब्रशाचे नाव त्यानंतर बरीच वर्षे खराब राहिले.

आपल्याकडे जनावरांच्या या रोगाला फाशी म्हणतात. पशुपालकांना तो ठाऊक आहे. आज नामांकित कारखान्यांत केस धुऊन, उकळून, वाफवून निर्जंतुक केलेला असतो, त्यामुळे बंद खोक्यातल्या ब्रशाची भीती बाळगू नये. पण कुणी हौसेने घरच्या घोड्याच्या केसांचा ब्रश करायला बसणार असेल तर दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. मेलेल्या किंवा आजारी जनावराचा केस कधीही घेऊ नये. आणि घरी पाणी उकळून केस ‘शुद्ध’ झाला असे समजू नये. फाशीचे बीजाणू साध्या उकळीला सहज दाद देत नाहीत. जुन्या वस्तूंच्या बाजारात मिळणारा पुराणा ब्रश मांडणीत ठेवायला ठीक, गालाला लावायला नको.

खरेदीविषयी थोडक्यात. डुकराच्या केसांच्या ब्रशांत इटलीचे ओमेगा आणि पोर्तुगालचे सेमोग ही नावे जुनी आणि भरवशाची. घोड्याच्या केसांत स्पेनचे व्हिए-लाँग. तुर्की न्हाव्यांकडेही घोड्याचे ब्रश असतात. आपल्या देशात राठ केसांच्या व्यापाराचे जुने केंद्र कानपूर, आणि ब्रश बनवण्यासाठी उत्तर प्रदेशातल्या बिजनौर जिल्ह्याचे शेरकोट प्रसिद्ध आहे. तिथे रंगाऱ्यांचे ब्रशही मोठ्या प्रमाणावर होतात. एक सूचना इथेच देतो: मुंगसाच्या केसांचा म्हणून कुणी कसलाही ब्रश विकत असेल तर घेऊ नये. मुंगूस वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे आणि त्याच्या केसांचा व्यापार गुन्हा आहे.

नवा ब्रश घरी आला की लगेच दाढीला घेऊ नये. कोमट पाण्याने ओला करावा, थोडा अंघोळीचा साबण किंवा शाम्पू लावून तळहातावर हलक्या हाताने फेस करावा, धुवावा, झटकून वाळू द्यावा. असे तीनचार दिवस करावे. डुकराच्या केसाला पहिल्यांदा ओल्या जनावराचा वास येतो, घोड्याच्या केसाला तबेल्याचा. दोन्ही वास साबणाने हळूहळू जातात. वास लवकर जावा म्हणून उकळत्या पाण्यात बुडवणे ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. केस ठिसूळ होतात, बुडाचा डिंक सैल होतो आणि मग झुबकाच हातात येतो. हाताला सोसेल इतकेच पाणी गरम असावे.

या दिवसांत पाचदहा केस गळतील. ते बांधणीत नीट न अडकलेले केस असतात, काळजी करू नये. पंधरा-वीस वापरांनंतरही रोज केस गळत असतील तर मात्र बांधणी कच्ची आहे, ब्रश परत करावा. केस मध्येच तुटलेला असेल तर दोष वापराचा, बुडासकट निघाला असेल तर दोष बांधणीचा. गळालेला केस नीट पाहिला की हे कळते.

आता रोजची दाढी. पहिली पायरी भिजवण्याची, आणि इथेच दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

डुकराच्या केसांचा ब्रश पेलाभर कोमट पाण्यात तीन ते पाच मिनिटे उभा करून ठेवावा. केस बुडेपर्यंतच पाणी असावे, मूठ भिजवू नये. लाकडी असेल तर तडकते. आपण तोंड धुऊन, दाढी ओली करून येईपर्यंत तो तयार होतो. कोरड्या केसाने घाईत फेस करायला गेलो तर केस फेसातलेच पाणी ओढून घेतो, आणि गालावर दोन मिनिटांत पांढरे कोरडे पापुद्रे उरतात. ‘साबण चांगला नाही’ असे लोक म्हणतात तेव्हा बहुधा हेच झालेले असते.

घोड्याच्या केसांना इतकी वाट पाहावी लागत नाही. नळाखाली अर्धे मिनिट धरले तरी पुरे. केस पाणी आत घेत नाही, केसांच्या मधल्या फटींत धरतो. म्हणून इथे चूक उलटी होते: ब्रश पाण्याने निथळत असतानाच साबणावर फिरवला जातो आणि पातळ, बुडबुड्यांचा फेस होऊन मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतो. ब्रश हलकेच पिळून, दोनदा झटकून मगच साबणाकडे जावे.

साबण उचलणे ही पुढची पायरी. वडीचा साबण असेल तर ओल्या ब्रशाची टोके त्यावर २०-३० सेकंद फिरवावीत, क्रीम असेल तर हरभऱ्याएवढे वाटीत घ्यावे. कडक वडीवर डुकराचा ब्रश सरस ठरतो, कारण त्याच्या बुडाशी ताठपणा आहे, तो साबण खरवडून उचलतो. घोड्याचा ब्रश क्रीमबरोबर आणि मऊ साबणाबरोबर चटकन जमतो. मग थेंब थेंब पाणी घालत फेस वाढवावा. फेस दह्याच्या साईसारखा चकचकीत, बारीक आणि न हलणारा झाला की थांबावे. बुडबुडे दिसत असतील तर पाणी जास्त झाले, चमक नसेल तर कमी पडले.

आपल्या भागात इथे आणखी एक अडचण येते. ऊस पट्ट्यातल्या कितीतरी विहिरींचे आणि बोअरचे पाणी जड आहे. त्यातल्या चुन्यामुळे साबणाचा फेस न होता पांढरट साका बनतो. साबण दुप्पट लावून हे सुटत नाही. दाढीला पाणी लागते ते वाटीभर; तेवढे आरओच्या जारमधले घ्यावे किंवा उकळून गाळून ठेवलेले घ्यावे. ब्रश खराब निघाला म्हणून फेकणाऱ्यांनी आधी हा उपाय एकदा करून पाहावा. पुष्कळदा तेवढ्याने भागते.

चेहऱ्यावर ब्रश कसा फिरवावा यातही फरक आहे. डुकराच्या केसांचा ब्रश गोल गोल फिरवला तरी चालतो, खुंटांच्या मुळाशी पाणी जाते, दाट दाढीवाल्याला बरे वाटते. मात्र झुबका गालावर दाबून पसरवू नये. केस बुडाशी मुडपतात आणि तिथेच तुटतात. घोड्याचा केस लांबट आणि गुळगुळीत, त्यामुळे एकाच दिशेने गोल फिरवत राहिले की केस एकमेकांत गुंततात आणि झुबक्याच्या मधोमध खळगा पडतो. भिंतीला रंग देतो तसा वर-खाली फिरवावा. गोल फिरवायचाच असेल तर दिशा बदलत राहावी. गुंता झालाच तर ब्रश भरपूर ओला करून रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून बुडाकडे सोडवत जावे. कोरडा ओढू नये.

फेस लावल्यावर लगेच पाते लावायची घाई करू नये. मिनिटभर फेस मुरू द्यावा. दुसऱ्या फेरीला ब्रशात उरलेला फेस पुरतो. डुकराचा ब्रश तो जास्त वेळ ओला ठेवतो.

दाढी झाल्यावरची निगा लहान आहे, पण ब्रशाचे आयुष्य तिच्यावरच ठरते. वाहत्या पाण्याखाली झुबका बुडापर्यंत धुवावा, बोटांनी केस जरा फाकवून आतला साबण काढावा, मुठीत हलकेच पिळावा, झटकावा. मग उघड्यावर, वारा लागेल असा ठेवावा. उभा ठेवला की उलटा टांगला यावर वाद घालण्यात अर्थ नाही; महत्त्व वाऱ्याला आहे. घोड्याचा ब्रश लवकर वाळतो, डुकराच्या ब्रशाला पाणी प्यायल्यामुळे जास्त वेळ लागतो. पावसाळ्यात तो बंद डब्यात किंवा न्हाणीघराच्या कोपऱ्यात राहिला तर बुडाशी काळी बुरशी धरते आणि कुबट वास येतो. त्या चार महिन्यांत शक्य असेल तर दोन ब्रश आलटून पालटून वापरावेत.

बुडाशी पांढरा थर बसून ब्रश राठ झाला तर पेलाभर पाण्यात चमचाभर पांढरा व्हिनेगर घालून त्यात दोन मिनिटे ठेवावा आणि स्वच्छ धुवावा. महिन्यातून एकदा पुरे. डेटॉलसारखे जंतुनाशक रोज वापरू नये, केस कोरडे पडतात.

सलूनबद्दल वेगळे सांगायला हवे. पूर्वी न्हावी धोकटी घेऊन घरी येई. धोकटीत वस्तरा, वाटी, तुरटी आणि एकच ब्रश, तोच आळीभर फिरे. आज ते चालणार नाही. हेपटायटिस बी, म्हणजे यकृताला सूज आणणारा रक्तावाटे पसरणारा विषाणू, शरीराबाहेरच्या पृष्ठभागावर निदान सात दिवस तग धरू शकतो. खऱ्या केसांचा ब्रश प्रत्येक गिऱ्हाइकामागे उकळता येत नाही आणि जंतुनाशकात तासभर बुडवताही येत नाही. म्हणून सलूनमध्ये घोड्याचा नको आणि डुकराचाही नको. तिथे धुऊन निर्जंतुक करता येणारा नायलॉनचा ब्रश बरा. क्रीम हाताने लावणे त्याहून बरे. खऱ्या केसांची हौस असेल तर आपला ब्रश आपण बरोबर न्यावा. नेहमीचा कारागीर त्याचे वाईट वाटून घेत नाही. नवे पाते मात्र आपल्यासमोर उघडायला सांगावे.

मग घ्यायचा कोणता? दाढी दाट आणि राठ असेल, वडीचा साबण आवडत असेल, सकाळी पाच मिनिटे जास्तीची असतील आणि महिनाभर धीर धरता येत असेल तर डुकराच्या केसांचा ब्रश घ्यावा. पैशाच्या मानाने त्याच्याइतका फेस दुसरा कुणी देत नाही. साखर कारखान्याच्या पाळीला किंवा दौंडहून सुटणारी गाडी पकडायला धावायचे असेल, क्रीम वापरत असाल, प्रवासात ब्रश ओलाच पिशवीत जात असेल किंवा डुकराचा केस घरात चालत नसेल तर घोड्याचा घ्यावा. ज्यांची त्वचा फार नाजूक आहे, चटकन लाल होते, त्यांना दोन्ही सुरुवातीला बोचतील. त्यांनी मऊ कृत्रिम धाग्याचा घ्यावा.

मला विचाराल तर भीमेकाठच्या जड पाण्यात, रोजच्या धावपळीत, पहिला खऱ्या केसांचा ब्रश म्हणून मी घोड्याचाच सुचवेन. जो घ्याल त्याला निदान एक महिना द्या, वाटीभर हलके पाणी द्या, आणि त्यानंतरच तो ठेवायचा की टाकायचा ते ठरवा.